लाइन वाढवलीस

१

मोठ्या बाई गेल्या तेव्हा त्या घरात काही म्हणजे काही तुटलेलं नव्हतं. दाराची कडी शाबूत, खिडकीची काच शाबूत, टेलिफोनची वायर शाबूत. घंटेचं बटण बाईंच्या मुठीत होतं आणि अंगठा त्यावर असा रुतला होता, की डॉक्टरांना तो हलक्या हाताने सोडवावा लागला. बटण दाबलं गेलं होतं, पुन्हा पुन्हा दाबलं गेलं होतं. दवाखान्यात मात्र कुणाच्या कानावर काहीच आलं नाही.

मोठ्या बाई म्हणजे शाळेत जन्मभर मराठी शिकवलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका. हृदयाने केव्हाच हात टेकले होते, त्यामुळे सगळं आयुष्य आता एका पलंगावर. घर वस्तीच्या टोकाला, टेकडीआडच्या खोलगटात. मोबाईलला तिथे रेंज नाही, म्हणून घंटा डिजिटल टेलिफोन लाइनवर जोडलेली. बटण दाबलं की उशाशी ठेवलेला राउटर लाइनवरून दवाखान्याला खबर द्यायचा आणि गाडी निघायची. घरातले त्या राउटरला नुसता ‘डबा’ म्हणत. या घंटेने बाईंना मरणाच्या दारातून परत आणलं होतं, तेही एकदा नव्हे.

आता पलंग रिकामा होता आणि त्याच्या पायथ्याशी इन्स्पेक्टर मॅडम उभ्या होत्या. ठाण्यातले लोक पाठीमागे त्यांना ‘गोंद’ म्हणत, कारण मॅडम एकदा चिकटल्या की सुटत नसत. खरं सांगायचं तर आज त्यांना लवकर सुटायचंच होतं. साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, “सरळ केस आहे. मुलीने नर्सचा हात स्विचवर बघितलाय. संध्याकाळच्या आत नर्सला आत घ्या आणि मोकळ्या व्हा.”

सरळ केस म्हटली की मॅडम उगाच दोनदा बघायच्या. खोली गप्प होती. गादीवर अजून अंगाचा खळगा होता. औषधांचा वास होता. मॅडम वाकून डबा बघायला लागल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यावरचा हिरवा दिवा विझला. जरा वेळाने आपसूक लागला. पुन्हा विझला.

खोलीत दुसरं कुणीही नव्हतं.

२

नर्स खाली स्वयंपाकघरात बसली होती, दारात हवालदार. रडून रडून झालं होतं, आता नुसता संताप उरला होता.

“हो, केला मी डबा बंद! नाही कुठे म्हणतेय?” ती उसळलीच. “बंद करून चालू केला की लाइन परत यायची. किती दिवस तेच करतेय मी. काय धाड भरली होती त्या डब्याला, देव जाणे. काल पाणी गरम करून वर जाते तर बाई निळ्या पडलेल्या, बटण दाबतायत, दाबतायत, आणि दिवा विझलेला. माणूस आधी कुठे धावेल, सांगा ना? स्विचकडेच गेले. तेवढ्यात ताई दारात. त्यांनी तेवढंच बघितलं.”

“टेलिफोनवाल्यांना कळवलं नाहीत?”

“सांगून सांगून जीभ झिजली. दरवेळी एकच उत्तर, ‘माणूस येऊन गेला, लाइन ठीक आहे.’ मला तर मेला एकदाही दिसला नाही.”

“बाईंशी तुमचं वाजलं होतं म्हणे.”

एवढ्या त्रासातही नर्सला हसू फुटलं. “वाजतंय कसलं! भाषेचा तास असायचा तो. या घरात दिवा विझवला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. दुकान बंद केलं नाही, वाढवलं. म्हटलं, चला, आपणही शिकू. एकदा मोठ्या तोऱ्यात म्हणाले, ‘बाई, टीव्ही वाढवते.’ झालं! ‘नर्सबाई, आवाज वाढवताय की बंद करताय? दिवा वाढवतात. यंत्राला कसलं आलंय शुभ नि अशुभ? यंत्र सरळ बंद करा आणि बंद केलं म्हणा.’ आता बोला! पण एक सांगते, टाकून कधी बोलल्या नाहीत. पेपरवाला असो, भंगारवाला असो, मी असो, सगळ्यांना अहो-जाहो. तशीच शिस्त त्यांची.”

“जाताना काही बोलल्या?”

नर्सचं हसू गेलं. “दोनच शब्द. ‘लाइन वाढवलीस.’ ताईंनीही ऐकलं. मग डोळे फिरवले.”

मरणारी बाई म्हणते लाइन वाढवलीस, आणि या घरात वाढवणं म्हणजे बंद करणं. कोर्टात एवढं पुरे होतं. नर्सलाही ते कळत होतं.

“तुरुंगात घाला हवं तर,” ती अगदी हळू म्हणाली. “तेही सोसेन एक वेळ. पण त्यानंतर कुणीही मला आजाऱ्याच्या उशाशी उभं करणार नाही. आणि मला दुसरं काही येत नाही हो, मॅडम.”

३

ताई म्हणजे बाईंची थोरली मुलगी. लग्न केलं नाही, घर सोडलं नाही, आईला सोडलं नाही. दिवाणखान्यात ती ताठ बसून होती. डोळे कोरडे होते, पण तेवढ्यावरून कुणाला तोलू नये हे मॅडमना अनुभवाने ठाऊक होतं.

“मी अंगणात होते,” ताई म्हणाली. “वर आले तर नर्सचा हात स्विचवर. आई तिच्याकडे बघून म्हणाली, ‘लाइन वाढवलीस.’ आमच्या घरात वाढवणं म्हणजे बंद करणं, बरं का. लहानपणापासूनची सवय. म्हणजे तू लाइन बंद केलीस, असं म्हणाली आई. अगदी स्पष्ट.”

मॅडमनी अर्थ विचारला नव्हता. तो आपणहून, असा व्यवस्थित घडी घालून हातात ठेवला गेला होता.

“खूप केलंत तुम्ही आईंचं,” त्या म्हणाल्या.

“करणारच. दुसरं कोण होतं?” ताईने हातातल्या रुमालाला पीळ घातला. “मला परदेशात शिकवायला बोलावलं होतं. तेव्हा आईला पहिला झटका आला. गाडी आली, वाचली. मग दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलावलं, पुन्हा झटका. पुन्हा गाडी आली. नंतर त्यांनी बोलावणंच सोडलं.”

हे ती इतक्या सपाट आवाजात म्हणाली, की मॅडमना तिची कीव आली. अगदी मनापासून आली.

बाहेर फटफटीचा आवाज झाला. मॅडमनी ठाण्यातून निघतानाच टेलिफोनच्या लाइनमनला निरोप ठेवला होता, हे ताईला ठाऊक नव्हतं. ती उठली, दार अर्धवट उघडलं. मॅडम तिच्या मागेच होत्या.

“आज नको,” ताई म्हणाली. “लाइन ठीक आहे. जा तुम्ही.”

“अहो ताई,” बाहेरून वैतागलेला आवाज आला, “दरवेळी तुम्ही हेच म्हणता आणि मी दारातूनच परत जातो. आज मला पोलिसांनी बोलावलंय!”

४

“आई झोपलेली असायची,” ताई मॅडमकडे वळून म्हणाली. “ठोकाठोक नको म्हणून परत पाठवत होते.”

पटण्यासारखं होतं. मॅडमनी मान डोलावली. पण कुठेतरी पाणी मुरतंय हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

लाइनमन पोट सांभाळत आत आला. आल्या आल्या त्याने दोन्ही हात वर केले. “आधीच सांगतो, आमच्याकडून काही नाही. जिन्यापाशी भिंतीवर पेटी आहे ना, तिथपर्यंतची लाइन आमची. पुढचं घरवाल्यांचं.”

त्याने पेटीला यंत्र लावलं. लाइन ठणठणीत. मग वर जाऊन डब्याला लावलं आणि त्याची भुवई चढली. “इथे तर निम्मा जीव पण नाही राहिला.”

“एका जिन्यात निम्मा जीव जातो?”

“डिजिटल लाइनचं तंत्र वेगळं, मॅडम. जुन्या फोनला वायर लांब झाली तर आवाज बारीक यायचा, पण यायचा. हिचं तसं नाही. पेटीपासून राउटरपर्यंत दहा-पंधरा मीटर साधी वायर चालते. त्यापुढे खेचत नेलीत की लाइन काठावर येते. कधी असते, कधी नसते. त्यात हे घर एक्स्चेंजपासून शेवटच्या टोकाला, म्हणजे मुळातच दम कमी. डबा पूर्वी पेटीखालीच होता. वर कुणी आणला?”

“मी.”

दारात बाईंचा धाकटा मुलगा उभा होता. शेजारच्या शहरात असतो, आईची बातमी कळताच पहाटे पोचला होता. घर विकायचं म्हणून आईशी कडाक्याचं भांडला होता, ही गोष्ट साहेबांनी मॅडमना आवर्जून सांगितली होती. नर्स नसेल तर हा, असा साहेबांचा हिशेब.

“मागच्या खेपेला आलो तेव्हा मीच वायर ओढली,” तो म्हणाला. “डबा उशापासून लांब पडतो, बटणाचा सिग्नल खालपर्यंत पोचत नाही, असं ताई म्हणाली होती. म्हटलं, डबाच आईच्या उशाशी ठेवू. आई खूश झाली होती हो. भांडणानंतर पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला तिने.” त्याने लाइनमनकडे बघितलं, मग वायरीकडे. “म्हणजे मी वायर लांब केली म्हणून... म्हणजे मीच मारलं आईला?”

तो तिथेच दारात खाली बसून रडायला लागला.

५

मॅडमनी त्याला रडू दिलं. मग त्या स्वतः गुडघ्यांवर बसल्या आणि पेटीपासून वायरीवर बोट ठेवून सरकायला लागल्या. हवालदाराने तोंडावर हात धरला. इन्स्पेक्टर बाई जिन्यावरून रांगत येतायत हे दृश्य काही रोज दिसत नाही.

वायर जिन्याच्या कडेने वर आली, उंबऱ्यावरून खोलीत शिरली, भिंतीच्या कडेने मोठ्या कपाटामागे गेली आणि पलीकडून निघून डब्यात घुसली. जेमतेम दहा मीटर. लाइनमनने सांगितलेल्या हद्दीत.

“तुम्ही कुठल्या रंगाची वायर लावली होती?” मॅडमनी धाकट्याला विचारलं.

“पांढरी. एकच तुकडा आणला होता, मोजून.”

“कपाटामागे जाते ती पांढरी आहे. बाहेर येते ती पिवळट आहे.”

कपाट ओढायला हवालदार, लाइनमन आणि धाकटा असे तिघे लागले. मागे भिंत आणि फळीच्या मधल्या फटीत वायरीचं भलंमोठं वेटोळं दडवलेलं होतं. नीटनेटकं गुंडाळून दोऱ्याने बांधलेलं. धाकट्याच्या पांढऱ्या वायरीला एक तुकडा जोडला होता, त्याला आणखी एक, आणि मग आणखी एक. प्रत्येक जोडावर व्यवस्थित पट्टी चिकटवलेली.

“अरे देवा,” लाइनमन पुटपुटला. “एवढी वायर घातली तर दुसरं काय होणार!”

“एकदम एवढी का नाही घातली?” मॅडमनी विचारलं. “तीन तुकडे कशाला?”

लाइनमनला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने वेटोळ्यातला एक जोड बोटाने चाचपला. “म्हणजे थोडी वाढवून बघायची. दिवा चालूच राहिला, की आणखी थोडी. लाइन नेमकी काठावर येईपर्यंत.”

“आणि सरळ कापून का नाही टाकली?”

“कापलेली लाइन दवाखान्यात लगेच कळते ना. तासाभरात माणूस दारात येतो. पण जाते-येते करणाऱ्या लाइनकडे तिथले लोक हळूहळू लक्ष देईनासे होतात. अमुक घरचं रोजचंच आहे, म्हणतात.”

खोलीत बसून, पलंगावरच्या बाईंच्या समोर, कुणीतरी हे शांतपणे केलं होतं. एकदा करून वाट बघितली होती, पुन्हा केलं होतं, पुन्हा वाट बघितली होती. आजवर त्यांनी चाकू पाहिले होते, विष पाहिलं होतं. वाट बघणारं असं काही त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

लाइनमन म्हणाला, “एक सांगू का? या घरातून एकदा फोन आला होता. मला विचारलं, ‘लाइन कुठवर वाढवता येते?’ मी आपलं सांगितलं, जसं आत्ता तुम्हाला सांगितलं.”

“कुणी विचारलं?”

“बाईमाणूस होतं. नाव नाही सांगितलं. आणि फोनवर मला सगळ्या बायका सारख्याच वाटतात, माझ्या बायकोसकट.”

बाईमाणूस. घरात बायका दोनच उरल्या होत्या.

६

मॅडमनी सगळ्यांना वर बोलावलं. नर्स दाराशी उभी राहिली, ताई खिडकीपाशी. वेटोळं पलंगावर ठेवलेलं होतं. ताईने ते पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“तुम्ही आधी डोळे पुसा,” मॅडम धाकट्याला म्हणाल्या. “तुमच्या वायरीने काही बिघडलं नव्हतं. ती हद्दीत होती. हे पुढचं तुमचं नाही, तुम्ही त्यानंतर इथे आलाच नाहीत.”

“मग नर्स!” ताई म्हणाली. “ती दिवसभर याच खोलीत असायची.”

“असायची. पण लाइन बिघडवणारा माणूस टेलिफोनवाल्यांना स्वतः बोलवत बसेल का? ती बोलवत राहिली आणि तुम्ही त्यांना दारातून परत पाठवत राहिलात.”

“आई झोपलेली असायची म्हणून. सांगितलं ना! आणि आईचे शब्द? ते काय खोटे आहेत?”

“शब्द अगदी खरे आहेत. तिथेच तर सगळं आहे.” मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या. “बाईंनी नर्सना टीव्हीवरून झापलं होतं. दिवा वाढवतात, यंत्र बंद करतात. जन्मभर मराठी शिकवलेल्या बाई यंत्राच्या लाइनला बंद करण्याच्या अर्थाने ‘वाढवली’ म्हणणार नाहीत, मरतानाही नाही. त्यांनी साधा, सरळ शब्द वापरला. वाढवली, म्हणजे लांब केली. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी कुणाला तरी कपाटामागे वायर खुपसताना बघितलं होतं. नीट करतेय असं सांगितलं असणार, आणि त्यांचा विश्वास बसला असणार. काल घंटा वाजेना, तेव्हा त्यांना उलगडा झाला.”

“पण ती नर्सकडे बघत होती!”

“कुठेही बघोत. पेपरवाल्यापासून नर्सपर्यंत त्या सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणायच्या. नर्सना बोलल्या असत्या तर म्हणाल्या असत्या, ‘लाइन वाढवलीत.’ नर्सनी जे ऐकलं, ते तुम्हीही जसंच्या तसं मला सांगितलंत. ‘वाढवलीस.’ त्या वेळी खोलीत ‘तू’ म्हणण्याजोगं एकच माणूस होतं.”

धाकट्याने बहिणीकडे बघितलं. “ताई?” तो म्हणाला. “ताई, नाही म्हण ना.”

ताईने नाही म्हटलं नाही. मग कुणी पाठीवरचं ओझं उतरवावं तशी ती पलंगावर बसली, त्या खळग्याच्या बाजूला.

“मी तिच्या अंगाला बोटसुद्धा लावलं नाही,” ती म्हणाली. “औषधं वेळच्या वेळी दिली. रोज आंघोळ घातली. फक्त पुढच्या वेळी गाडी येऊ नये, एवढंच मला हवं होतं. ती वाचायची, आणि प्रत्येक वेळी माझं आणखी एक वर्ष संपायचं.”

नर्स पुढे आली. “आणि मी, ताई? माझं नाव का घेतलंत? मी काय वाकडं केलं होतं तुमचं?”

“काहीच नाही. तुम्ही तिथे होतात.” ताईने तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण तिला जमलं नाही. “मला वाटलं होतं लाइनवर खापर फुटेल. तुमचा हात स्विचवर दिसला आणि तोंडातून निघून गेलं. मग मागे घेता येईना.”

मॅडम उठल्या. त्यांनी हवालदाराला खूण केली आणि नर्सला म्हणाल्या, “नर्सबाई, तुम्ही घरी जा. तुमच्यावर काहीही नाही. तसं लिहूनही देते मी.”

नर्स मात्र हलली नाही. ती ताईकडेच बघत होती. “तुम्ही अंगणात होतात म्हणालात,” ती सावकाश म्हणाली. “अंगण या खिडकीच्या खालीच आहे. मी मागच्या बाजूला स्वयंपाकघरात, पाण्याचा आवाज चालू, मला नाही ऐकू आलं. पण तुम्हाला...”

“आलं,” ताई म्हणाली.

धाकट्याने कानावर हात ठेवले.

“तिने आधी बटण दाबलंच नव्हतं. आधी मला हाक मारली. माझ्या लहानपणच्या नावाने. किती वर्षांत त्या नावाने मारली नव्हती.” ताईचा आवाज अजूनही सपाट होता, पण आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. “मी कपडे वाळत घालत होते. तिने पुन्हा हाक मारली.”

“मग?” मॅडमनी विचारलं.

“बादलीत अजून बरेच कपडे होते,” ताई म्हणाली. “मी ते सगळे वाळत घातले.”